एक लाख लिटरची पायरी

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऊस येतो, पाटकरी येतो आणि आवर्तन कधी सुटणार यावरची भांडणं येतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमहून दक्षिणेला वूस्टरकडे जाणारा जो कालवा आहे, त्यातलं पाणी मात्र वाहायला नकोच आहे. त्याने जागच्या जागी उभं राहावं आणि त्यावरून बोट जावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. हा कालवा १८१५ मध्ये पुरा झाला. एके काळी त्यावरून माल जायचा, आता सुट्टीवरची माणसं जातात.

मागच्या उन्हाळ्यात माझी मावसबहीण, दाजी आणि मी तिथे नॅरोबोट भाड्याने घेऊन चार दिवस राहिलो. नॅरोबोट एसटीपेक्षा अरुंद असते, रुंदी ६ फूट १० इंच. आमची ५७ फूट लांब होती, म्हणजे दीड एसटी, आणि वजन पंधरा टनांच्या घरात. कमाल वेग ताशी ४ मैल. काठावरून कुत्रा फिरवणारे आजोबा आम्हाला मागे टाकून जायचे, आणि वर हात करायचे.

बर्मिंगहॅमपासून टार्डेबिग या गावापर्यंत २२ किलोमीटर हा कालवा एका पातळीत आहे. पुढे जमीन घसरते आणि सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये तो ६७ मीटर खाली उतरतो. त्या उतारावर ३० लॉक आहेत. ब्रिटनमधली ही सर्वांत लांब रांग. आम्हाला ती उतरायची होती.

लॉक म्हणजे पाण्याची पायरी. विटांची किंवा दगडाची एक लांबट कोठी, बोट जेमतेम मावेल एवढी, दोन्ही टोकांना दारं. वरून येणाऱ्या बोटीसाठी कोठी आधी वरच्या पातळीपर्यंत भरायची, वरचं दार उघडून बोट आत घ्यायची, दार लावायचं, खालच्या बाजूने पाणी सोडायचं. पाण्याबरोबर बोट उतरते. खालच्या पातळीला आली की खालची दारं उघडून पुढे निघायचं. ना पंप, ना मोटर. पाण्याला समपातळीत यायची जी खोड आहे, तेवढ्यावर दोनशे वर्षं हे यंत्र चालू आहे. कल्पना तर त्याहून फार जुनी. चीनमध्ये ९८४ साली च्याओ वेइयुए या अधिकाऱ्याने महाकालव्यावर दुहेरी दारांचं लॉक बांधलं. त्याआधी बोटी उतरंडीवरून ओढून न्याव्या लागत, त्यात त्या फुटत, आणि फुटलेल्या बोटीतलं धान्य चोरीला जाई. चोरीवरचा उपाय म्हणून निघालेलं हे यंत्र आहे.

पाणी आत-बाहेर करायला दारांत आणि जमिनीखालच्या मोऱ्यांत झडपा असतात. तिथले बोटवाले त्यांना पॅडल म्हणतात. पॅडल उचलायचं ते विंडलास नावाच्या काटकोनी लोखंडी हँडलने. हँडल दांड्यावर बसवायचं, फिरवायचं, आणि दातेरी चाकात खिटी नीट पडली की लगेच काढून घ्यायचं. खिटी निसटली तर पॅडलच्या वजनाने दांडा उलटा गरगरतो आणि त्यावर राहिलेलं हँडल मनगट मोडू शकतं. हे मला पहिल्या लॉकलाच सांगितलं गेलं. मी दुसऱ्या लॉकला विसरलो आणि दाजींचं बोलणं खाल्लं.

पहिल्या लॉकवर माझी खरी फजिती दाराने केली. कोठी जवळजवळ रिकामी झाली होती. पाण्यात जेमतेम दोन बोटांचा फरक दिसत होता. मी दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून जोर काढत होतो आणि दार ढिम्म हलत नव्हतं. पलीकडे उभे असलेले एक वयस्कर बोटवाले म्हणाले, "थांबा जरा. ते तयार झालं की आपण होऊन सांगेल."

या सल्ल्यात दोन गोष्टी आहेत. पहिली दाबाची. समजा लॉकची उतरण सव्वादोन मीटर आहे आणि खालच्या बाजूला सव्वा मीटर पाणी आहे. कोठी भरलेली असताना खालच्या दारांवर एकूण अकरा-साडेअकरा टनांचा जोर येतो. पातळीतला फरक दहा सेंटिमीटरवर आला तरी तो अडीचशे किलोच्या आसपास असतो, आणि माझ्या त्या दोन बोटांच्या फरकातसुद्धा नव्वद-शंभर किलो शिल्लक असतात. वर पाण्यातल्या ओल्या लाकडी दाराचं जडपण वेगळंच. दांडा ही तरफ आहे, तिची मदत होते, पण माणसाने पाण्याशी कुस्ती खेळावी म्हणून ती ठेवलेली नाही.

खालची दारं दोन असतात आणि ती सरळ रेषेत मिटत नाहीत. बाणाच्या टोकासारखी, वरच्या पाण्याकडे टोक करून, एकमेकांवर टेकतात. पाणी जितकं रेटेल तितकी घट्ट बसतात. कडी नाही, कुलूप नाही, आणि नाव मात्र लॉक! मिलानच्या कालव्यावरच्या अशा दारांचं चित्र लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत सापडतं.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि मला ती जास्त आवडते. पॅडलमधून पाणी किती जोराने जाणार हे पातळीतल्या फरकाच्या वर्गमुळावर ठरतं. सुरुवातीला ते गर्जत सुटतं, फरक घटेल तसं मंदावतं. हिशेब केला तर उत्तर मोठं नेमकं येतं: लागणाऱ्या एकूण वेळाच्या पहिल्या अर्ध्यात तीन चतुर्थांश पातळी उतरते आणि उरलेल्या पावभागाला तेवढाच वेळ पुन्हा लागतो. म्हणून "झालंच की" असं वाटतं तेव्हा निम्मंच झालेलं असतं. माझ्यासारखे लोक नेमके त्याच क्षणी दाराला भिडतात.

याच्या उलट, ज्याची भीती वाटते त्यात काही नसतं. टार्डेबिगच्या सगळ्यात वरच्या दारामागे २२ किलोमीटर लांबीचं पाणी उभं आहे. बहिणीने विचारलं, "एवढं सगळं या एका फळकुटावर?" दारावरचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो, मागे पाणी किती लांबवर पसरलंय यावर नाही. दारामागे तेवढ्याच खोलीची अंगणातली टाकी असती तरी दाराला तितकाच जोर सोसावा लागला असता. अर्थात दार फुटलं तर फरक कळेल, ते वेगळं.

खरा धोका दिसत नाही. वरचं दार ज्या दगडी बांधावर टेकतं त्याला तिथे सिल म्हणतात, म्हणजे चक्क उंबरठा. हा उंबरठा दाराच्या पुढे, कोठीत चार-पाच फुटांपर्यंत आलेला असतो. कोठी भरलेली असताना तो पाण्याखाली दडलेला. उतरताना बोटीची शेपटी चुकून त्याच्यावर राहिली तर पाणी खाली जातं, पुढचा भाग पाण्याबरोबर उतरतो आणि शेपटी दगडावर अडकून राहते. पंधरा टनांची बोट नाकावर कलते, दारं-खिडक्यांतून पाणी शिरतं आणि काही मिनिटांत ती बुडते. दोराने धरून ठेवू म्हणाल, तर तशी ताकद कोणात नाही. म्हणून कोठीच्या काठावर पांढरी रेघ मारलेली असते, आणि उतरताना बोट सतत त्या रेघेच्या पुढे ठेवायची. कोठी बहात्तर फुटांची, बोट सत्तावन्नची, म्हणजे जागा भरपूर असते. पण दहाव्या लॉकपर्यंत गप्पा रंगलेल्या असतात आणि बोट नकळत हळूहळू मागे सरकते. अडकलीच तर आधी खालची पॅडल बंद करायची, मग वरची अगदी हळू उघडून कोठी पुन्हा भरायची. पाण्यानेच अडकवलं, पाण्यानेच सोडवायचं. दोरही उतरताना खुंट्याला गाठ मारून ठेवायचे नाहीत. नुसता एक वेढा द्यायचा आणि सोडत जायचं, नाहीतर बोट दोरावर लटकते.

आता पाण्याचा हिशेब. नॅरोबोटीच्या लॉकची कोठी साधारण २२ मीटर लांब आणि सव्वादोन मीटरच्या आत रुंद. टार्डेबिगला सरासरी उतरण सव्वादोन मीटर पडते. म्हणजे एका वेळी जवळपास एक लाख लिटर पाणी वरून खाली जातं. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडलीने आपल्या कालव्यांवर सात फूट रुंदीची लॉक पसंत केली, त्यात पाणी आणि पैसा दोन्ही वाचवण्याचा विचार होता. रुंदी दुप्पट केली असती तर पाणीही दुप्पट लागलं असतं.

बोट जड असेल तर जास्त पाणी लागतं का? दाजी ठामपणे "हो" म्हणाले होते. कोठी भरायला लागणारं पाणी बोट असो-नसो, हलकी असो की जड, तेवढंच असतं, कारण तरंगणारी बोट आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेली असते. फरक पडतो तो दारातून जाताना. बोट वरून कोठीत शिरली की तिच्या वजनाचं पंधरा टन पाणी मागे, वरच्या कालव्यात ढकललं जातं. म्हणून उतरणारी बोट वरच्या कालव्याचं एक लॉक उणे पंधरा टन एवढं पाणी नेते, आणि चढणारी एक लॉक अधिक पंधरा टन.

हा हिशेब करमणुकीचा नव्हता. वूस्टरचा कालवा बर्मिंगहॅममध्ये जुन्या कालव्याला भिडला तेव्हा जुन्या कंपनीने आपलं पाणी जाईल म्हणून दोन्हींच्या मध्ये सात फूट रुंदीचा बांध ठेवला. वर्षानुवर्षं माल एका बोटीतून दुसरीत माणसांकरवी उचलून टाकावा लागे. दोन्हींच्या पातळीत फरक इंचांचा. १८१५ मध्ये तिथे लॉक झालं. बांधावरून भांडणारे लोक आपल्याकडेच असतात असं समजायचं कारण नाही.

पाण्याच्या याच टंचाईमुळे टार्डेबिगला १८०८ मध्ये जॉन वुडहाउस या अभियंत्याने बोटींचा पाळणा करून पाहिला. पाण्याने भरलेल्या टाकीत बोट, आणि तिचा तोल राखायला समोर वजन. टाकीत बोट आली तरी तिच्या वजनाचं पाणी बाहेर जातं, टाकीचं वजन बदलत नाही, तोल ढळत नाही. तत्त्व बिनचूक होतं. पण रोजच्या धसमुसळ्या वापराला यंत्रणा नाजूक ठरली, आणि जॉन रेनी या अभियंत्याच्या सल्ल्याने तिथे साधं लॉक आलं. स्कॉटलंडमधलं २००२ साली सुरू झालेलं फॉलकर्कचं चाक याच तोलाच्या तत्त्वावर बोटी २४ मीटर वर-खाली करतं.

शेवटच्या लॉकला पोचायला सहा तास लागले. हात भरून आले होते. बहीण म्हणाली, "तीस लॉक, तीस लाख लिटर. आपण केवढं पाणी वाया घालवलं!" तसं होत नाही. वरच्या लॉकमधून सुटलेलं पाणी खालच्या टप्प्यात येतं आणि पुढचं लॉक तेच घेतं. तेच लाखभर लिटर पायरी-पायरीने आमच्याबरोबर खाली आलं होतं. एखादं लॉक पुढच्यापेक्षा खोल असेल तर जादा पाणी बाजूच्या सांडव्यातून निघून जातं, आणि टार्डेबिगला नेमकं सगळ्यात वरचं लॉक, जिथे पाळणा होता ते, इतरांपेक्षा बरंच खोल आहे. पाळणा असता तर ते पाणी वरच राहिलं असतं.

खालून एक बोट येताना दिसली. आम्ही पॅडल खाली केली, दारं मात्र त्यांच्यासाठी उघडीच ठेवून निघालो. आम्ही रिकामी केलेली कोठी त्यांना तयार मिळाली.