जीपीएस बंद, म्हणजे फोन बेपत्ता?

"जीपीएस बंद ठेव, म्हणजे कुणाला पत्ता लागणार नाही," हा सल्ला घरोघरी मिळतो. त्यामागचा समज असा की फोनची जागा उपग्रह सांगतात. खरं तर उपग्रहाला आपला फोन ठाऊकही नसतो. तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतो, गणित फोन करतो.

आणि गणिताला दुसरे रस्तेही आहेत. प्रत्येक मोबाइल टॉवर आपली ओळख हवेत पुकारत असतो: देशाचा क्रमांक (भारताचे ४०४ आणि ४०५), मग कंपनीचा, विभागाचा आणि सेलचा, म्हणजे टॉवर सांभाळतो त्या छोट्या पट्ट्याचा. वायफाय राउटरही तसाच, बिल थकून इंटरनेट तुटलं तरी पुकारा चालूच. हे क्रमांक अक्षांश-रेखांशांसह कुणी टिपून ठेवले की झालं: फोनला ऐकू आलेले क्रमांक त्या यादीत शोधले की जागा कळते. ओपनसेलआयडी हा टॉवरांचा असाच खुला साठा, फोन खिशात घालून फिरणाऱ्या लोकांनी भरलेला. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची अशी सेवा २०२४ मध्ये बंद झाली. या साठ्यात टॉवर असतात, तुमचा फोन नव्हे. त्यावरून शेजारी तुम्हाला शोधू शकत नाही.

सेटिंगमधलं लोकेशनच बंद केलं की ॲपना सहसा जागा मिळत नाही, एवढं खरं. पण फोन कुठल्या टॉवरच्या हद्दीत आहे हे कंपनीला कळावंच लागतं. नाहीतर तो वाजणार कसा?

आम्ही सांगलीहून पुण्याला आलो तेव्हा राउटर सोबत आणला. पुढचे काही दिवस घरात बसलं की नकाशावरचा निळा ठिपका सांगलीत!