हे पीक कोणाचं? प्लाझ्माला विचारा

गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणजे वायूच्या प्रवाहात मिश्रण वेगळं करायची पद्धत. तिच्या बारीक, लांबलचक नळीतून, म्हणजे कॉलममधून, मिश्रणातली संयुगं सुटी होत बाहेर पडतात आणि स्क्रीनवर एकेक पीक (peak), म्हणजे आलेखातला टोकदार उंचवटा, उमटू लागतं. खरी अडचण तिथूनच सुरू होते. रिटेन्शन टाइम, म्हणजे कॉलम पार करायला लागलेला वेळ, हा ओळखीचा कच्चा पुरावा, कारण दोन वेगळी संयुगं एकाच वेळी बाहेर येऊ शकतात. १९५०च्या दशकापासून वापरात असलेला फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर कमालीचा संवेदनशील आहे. पण ज्योतीत जळून गेलेल्या रेणूबद्दल तो सांगतो ते साधारणपणे कार्बन किती होता एवढंच.

प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू, त्यापुढे जातो. मायक्रोवेव्हच्या जोरावर नळीत हेलियमचा प्लाझ्मा पेटवला, की त्यात शिरलेल्या रेणूची पार अणूंपर्यंत मोडतोड होते आणि प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश देतं: कार्बन १९३ नॅनोमीटर, हायड्रोजन ४८६, क्लोरीन ४७९. क्लोरीनची रेषा तेवढी पाहत राहिलं, तर स्क्रीनवरच्या उंचवट्यांच्या गर्दीतून क्लोरीनयुक्त कीटकनाशक वेगळं काढता येतं. मात्र रेणूची रचना या मोडतोडीत हरवते.

मला जास्त भावते ती दुसरी वाट. प्लाझ्मात हेलियमचे काही अणू १९.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा साठवून बराच काळ टिकतात. असा अणू रेणूवर आदळला, की रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडतो. याला पेनिंग आयनीकरण म्हणतात. आता हिशेब सोपा आहे. बेंझिनमधून इलेक्ट्रॉन काढायला ९.२ खर्च होतात, म्हणून तो सुमारे १०.६ घेऊन निघतो, मिथेनॉलला १०.८ लागतात, म्हणून ९.० उरतात. इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली, की रेणूचा माग लागतो.

वाटेत वायूच्या अणूंवर आदळून ही ऊर्जा हरवू नये म्हणून निर्वात पोकळीच हवी असंही नाही. हेलियमचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३०० पट जड. भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा इलेक्ट्रॉन दिशा बदलतो, पण त्याची ऊर्जा जेमतेम ०.०३ टक्के घटते. अंतर पुरेसं कमी ठेवलं, तर वायूतूनही तो आपली ऊर्जा जवळपास शाबूत घेऊन पोचतो.

आयनीकरण ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, जवळजवळ सारखी असलेली संयुगं मात्र इथेही एकमेकांत मिसळतात. हेलियमही अतिशुद्ध लागतो, कारण जोडणीतून झिरपलेल्या हवेतला नायट्रोजनही ४.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचे आपले इलेक्ट्रॉन सोडतो.