घोटा मुरगळला की हाड मोडलं?
कुबड्या, वॉकर आणि घोट्याचे पट्टे न्यायला येणाऱ्यांसाठी

काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "बोटं हलतायत ना, मग मोडलं नसणार." आम्ही डॉक्टर नाही, दुकानदार आहोत. पण हा समज इतका पक्का आहे की शेवटी कागदच छापला. बोटं हलवणारे स्नायू वर पोटरीत असतात आणि त्यांच्या दोऱ्या घोट्यावरून खाली येतात. हाड मोडलं तरी दोऱ्या शाबूत असतात, त्यामुळे बोटं हलतातच.

मग ओळखायचं कसं? कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक साधी कसोटी मांडली, ती आजही जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या टोकावर आणि मागच्या कडेने सहा सेंटीमीटर वरपर्यंत बोटाने दाबा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत साधारण मध्यावर एक गाठ लागते, तिथे दाबा. शेवटी आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे. यातल्या एखाद्या जागी नेमकं हाडावर दुखलं, तर एक्स-रे काढायचा. मार लागल्यावर लगेच आणि दवाखान्यात पोचल्यावरही चार पावलं टाकता येत नसतील, तरीही काढायचा. लंगडत टाकलेलं पाऊल धरलं जातं. लहान मुलं आणि पायाची संवेदना कमी झालेले मधुमेही यांनी मात्र या कसोटीवर विसंबू नये.

करंगळीच्या रेषेतलं ते हाड जरा हट्टी. ब्रिटनमधले रॉबर्ट जोन्स हे हाडांचे डॉक्टर नाचताना स्वतःचंच मोडून बसले आणि १९०२ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्याच्या एका भागात रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ते जुळायला वेळ घेतं. कधी स्क्रूही लागतो.

आपल्याकडे पावसात जांभ्याच्या पायऱ्यांना शेवाळ धरलं की घोट्याचे पेशंट वाढतात, आणि एप्रिल-मेमध्ये आंब्यावरून पडलेले येतात. उंचावरून उभ्याने पडलं तर मार टाचेवर बसतो आणि वर कण्यापर्यंत जातो. तळपाय काळानिळा पडला असेल आणि कंबरही दुखत असेल, तर डॉक्टरांना दोन्ही सांगा. पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांची गोष्ट वेगळी. मार काहीच नाही, पण पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी दुखतं, धावलं की वाढतं. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत दिसेलच असं नाही. एक्स-रे "नॉर्मल" आला म्हणून सराव चालू ठेवू नका. मधुमेहींचं पाऊल न दुखता सुजलं, लाल आणि गरम झालं, तर त्याच दिवशी दाखवा.

चोळायचं नाही, शेकायचं नाही, ओढून बसवायचं नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पाय उशीवर ठेवा. पाऊल वाकडं दिसतंय, जखमेतून हाड दिसतंय किंवा बोटं गार, पांढरी पडलीत, तर हा कागद बाजूला ठेवा आणि निघा.

हाड जागेवर असेल तर प्लास्टर किंवा बूट, सरकलं असेल तर बहुधा प्लेट आणि स्क्रू. प्लास्टर घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाय छातीपेक्षा उंच ठेवा. खाज आली म्हणून आत पट्टी किंवा विणायची सुई घालू नका. पाय उंच ठेवून, गोळी घेऊनही दुखणं वाढत गेलं, बोटं निळी किंवा बधिर झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला, तरीही तसंच.

आता आमचा विषय, कुबड्या. गेल्या पावसात एक मावशी कुबडीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळून, बगलेतून लोंबकळत आल्या. हाताला मुंग्या येत होत्या. कुबडी चार भोकं उंच लावलेली! वजन बगलेत घेतलं की तिथली नस दबते. बगल आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी, मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं आणि भार तळहातावर. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. पुढे एकच काठी राहिली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची आत्ताच न्या, पहिल्या सकाळी धावपळ नको.

घोट्याचं हाड साधारण सहा आठवड्यांत धरतं, पण पाय मोकळा व्हायला महिने लागतात. संध्याकाळची सूज तीन-चार महिने राहिली तर घाबरू नका. तंबाखू आणि विडीने हाड जुळणं लांबतं, हे आम्ही सांगितलं की लोक हसतात. डॉक्टरांनी हलवायची परवानगी दिली की हवेत अंगठ्याने अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं काढा. उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी जमतं. वजन कधी टाकायचं आणि गाडी कधी चालवायची, हे एक्स-रे बघून डॉक्टर ठरवतील. शेजारचा महिन्यात चालला असेल, त्याचं हाड वेगळं मोडलं होतं.

कुबडीच्या खालचं रबर दर आठवड्याला उलटं करून बघा. रेषा झिजून गुळगुळीत झालं असेल तर घेऊन या, भाड्याच्या कुबडीचं आम्ही फुकट बदलून देतो.