आधी कोण संपणार?

दहा ग्रॅम हायड्रोजन आणि दहा ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ठिणगी पाडली (कागदावरच हं, खरोखर केलं तर स्फोट होईल), तर पाणी किती तयार होईल? घाईत उत्तर येतं, वीस ग्रॅम. ज्याला समीकरण पाठ आहे तो म्हणतो, हायड्रोजनचे दोन रेणू लागतात आणि ऑक्सिजनचा एकच, तेव्हा हायड्रोजन आधी संपेल. दोघंही चुकले. पाणी होतं ११.२५ ग्रॅम, आणि पावणेनऊ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो.

गोची आहे तराजूची. अभिक्रिया रेणूंच्या संख्येवर चालते, वजनावर नाही, आणि ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूपेक्षा सोळापट जड. म्हणून आधी ग्रॅमचे मोल करायचे. डझन म्हणजे बारा, तशी मोल ही मोजणीची एक प्रचंड मोठी संख्या. हायड्रोजनच्या एका मोलचं वजन २ ग्रॅम, ऑक्सिजनच्या ३२ ग्रॅम. म्हणजे आपल्याकडे हायड्रोजन ५ मोल आहे, ऑक्सिजन जेमतेम ०.३१. आता प्रत्येकाला समीकरणातल्या त्याच्या आकड्याने भागा. हायड्रोजनचे ५ भागिले २, म्हणजे २.५, ऑक्सिजनचे ०.३१ भागिले १. ज्याचं उत्तर लहान, तो आधी संपतो; तोच मर्यादित अभिक्रियाकारक, विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘लिमिटिंग रिएजंट’. पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरूनच. ही भागाकाराची पायरी गाळून नुसते मोल ताडून पाहणं, ही परीक्षेतली नेहमीची चूक.

आकडेमोड नको असेल तर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घ्या. पाच टक्क्यांच्या १०० मिलिलिटर व्हिनेगरला साधारण ७ ग्रॅम सोडा पुरतो. १४ ग्रॅम टाकला तरी वायू जवळपास तेवढाच निघतो. फसफस थांबली की त्यात थोडं व्हिनेगर ओता. पुन्हा बुडबुडे आले, म्हणजे व्हिनेगरच कमी पडलं होतं. नाही आले, तर सोडा घालून बघा.

कमी पडणाऱ्या पदार्थामुळे दर वेळी नुसतं उत्पादन घटतं असंही नाही, कधी पदार्थच बदलतो. कोळशाला भरपूर ऑक्सिजन मिळाला तर कार्बन डायऑक्साइड होतो. बंद खोलीतल्या शेगडीला तो कमी पडला की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो, आणि त्याला ना रंग, ना वास.