बदल केला नाही, तरी सोर्स कोड द्यावाच लागतो
बिझीबॉक्स हा राउटरसारख्या छोट्या उपकरणांत वापरला जाणारा मुक्त सॉफ्टवेअरचा संच आहे. ‘बिझीबॉक्समध्ये आम्ही काहीच बदल केलेला नाही, म्हणून राउटरसोबत त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड) देण्याची गरज नाही’, हा विक्रेत्यांचा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी तो चुकीचा आहे. बिझीबॉक्सला लागू असलेल्या, १९९१ सालच्या जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या सॉफ्टवेअर परवान्याच्या आवृत्ती २ नुसार ही जबाबदारी वितरणामुळेच येते: कंपाइल केलेली (म्हणजे यंत्रावर चालेल अशा रूपात बदललेली) प्रत विकणाऱ्याने तिच्यासोबत संपूर्ण सोर्स कोड द्यावा, किंवा मागेल त्याला तो देण्याची, किमान ३ वर्षे वैध असलेली लेखी हमी द्यावी. कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टही त्यात येतात, आणि माझ्या मते नेमके हेच सर्वाधिक विसरले जाते. मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळाकडे बोट दाखवून विक्रेत्याची सुटका होत नाही. तिथली आवृत्ती उद्या बदलली, तर ग्राहकाला आपल्या प्रतीशी जुळणारा कोड मिळणार कुठून?