जमिनीवरचं योजन आणि आकाशातलं योजन

किरणोत्सव जवळ आला की कोल्हापुरात सूर्याच्या गप्पा सुरू होतात. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात, आणि त्याच सुमारास मोबाइलवर दोन निरोप हमखास फिरायला लागतात. एक : आर्यभटानं पृथ्वीचा परीघ ३९,९६८ किलोमीटर काढला होता. दुसरा : सूर्याचं अंतर आपल्याकडे योजनांत, म्हणजे लांब अंतराच्या जुन्या मापात, आधीच लिहून ठेवलंय, गुणून बघा. पुढं हेच आकडे विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवर येतात आणि मुलं ते पाठ करतात. दोन्ही निरोपांत चूक एकच आहे, आणि ती इतकी साधी आहे की वर्षानुवर्षं तशीच फिरताना बघून त्रास होतो.

आजच्या खगोलशास्त्राची मापं बहुतेकांना ठाऊक असतात. खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्याचं सरासरी अंतर, १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं २०१२ साली ते कायमचं ठरवून टाकलं. प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. यांचं एकमेकांत रूपांतर हा निव्वळ गुणाकार आहे. ‘हजारो प्रकाशवर्षांपूर्वी’ असं लिहिणाऱ्यांनी मात्र ते लिहिणं थांबवावं. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, एवढं कळायला खगोलशास्त्र शिकावं लागत नाही.

जमिनीवरची जुनी मापंही आपल्या ओळखीची आहेत. करवीर तालुक्यात आजही जमीन गुंठ्यात बोलतात. महाद्वार रोडवरची गजरेवाली मावशी दोऱ्याचं टोक मधल्या बोटाशी धरते, गजरा कोपरापर्यंत ताणते आणि तिथं तोडते. तो झाला एक हात, साधारण ४५ सेंटीमीटर. तालमीतल्या एखाद्या धिप्पाड पैलवानाच्या हातानं मोजलं तर तीन-चार बोटं जास्त भरतील. गिऱ्हाईक खूश होईल, बाकी काही बिघडणार नाही. कोसाचंही तसंच. पन्हाळा कोल्हापूरपासून रस्त्यानं साधारण २० किलोमीटर. दोन मैलांचा कोस धरला तर सव्वासहा कोस, अकबराच्या ५,००० इलाही गजांचा धरला तर पावणेपाच. चालणाऱ्याला दोन्ही उत्तरं पुरतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर कामागणिक हात वेगळा आहे : नेहमीचा २४ अंगुळांचा, सुतारांचा ४२ चा, जंगलातल्या मोजणीचा ५४ चा. तेव्हा ‘प्राचीन हात म्हणजे नेमके किती इंच’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि ते नसण्यानं कुणाचं अडतही नव्हतं.

अडचण योजनापाशी सुरू होते. हे एकच माप जमिनीवरही वापरलं गेलं आणि आकाशातही, आणि दोन्हीकडे त्याचा जन्म वेगळ्या टोकाला झाला.

जमिनीवरचं योजन खालून वर बांधत नेलंय. भास्कराचार्यांनी लीलावतीत कोष्टकच दिलंय : आठ यवांचं एक अंगुळ, २४ अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, २,००० दंडांचा क्रोश, चार क्रोशांचं योजन. म्हणजे ३२,००० हात. हात ४५ सेंटीमीटरचा धरला की योजन होतं १४.४ किलोमीटर. इथपर्यंत सगळं ठीक.

आता हेच भास्कराचार्य. लीलावती ज्या सिद्धांतशिरोमणीचा भाग मानली जाते, त्याच ग्रंथाच्या गोलाध्यायात ते पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं आणि व्यास १,५८१ योजनं देतात. १,५८१ ला १४.४ नं गुणा. २२,७६६ किलोमीटर. पृथ्वीचा खरा व्यास १२,७४२ आहे. एकाच लेखकाची दोन वाक्यं आपण जोडली आणि पृथ्वी पावणेदोन पटींहून मोठी झाली.

इथं लोक दोन चुकीच्या वाटांनी जातात. काही जण म्हणतात, बघा, त्यांना काही कळत नव्हतं. बाकीचे हाताची लांबी कमी करत बसतात. ती किती कमी करावी लागते हेही बघून टाकू. उत्तर बरोबर यायला योजन ८.०६ किलोमीटरचं हवं, आणि ३२,००० हातांत ते बसवायचं तर एक हात २५ सेंटीमीटरचा होतो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत २५ सेंटीमीटर! मोठ्या माणसाची वीतसुद्धा जवळपास तेवढी भरते. तेव्हा हात आखडून हे कोडं सुटत नाही.

सुटतं ते असं. आकाशातलं योजन वरून खाली आलेलं आहे. सिद्धांतग्रंथात, म्हणजे खगोलगणिताच्या जुन्या ग्रंथात, पृथ्वीच्या व्यासाला आधी एक संख्या दिलेली असते, आणि चंद्र, सूर्य, ग्रहणातली पृथ्वीची सावली, सगळं त्या संख्येच्या हिशेबात मोजलेलं असतं. ज्योतिषी चंद्रापर्यंत दोरी टाकत नव्हते. त्यांना कोन मोजता येत होते, आणि कोनांतून गुणोत्तरं निघतात. चंद्र पृथ्वीच्या किती पट लांब आहे, हे आकाशाकडे बघून काढता येतं. किती हात लांब आहे, हे फक्त आकाशाकडे बघून कधीच काढता येत नाही. त्यासाठी आधी पृथ्वीच हातांनी मोजावी लागते.

एकदा हे पटलं की ग्रंथांमधली भांडणं मिटतात. सूर्यसिद्धांतात पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं आहे, आर्यभटीयात १,०५०. वरवर बघणारा म्हणतो, केवढी ही तफावत, दीडपट! आता दोघांच्या चंद्राकडे बघा. सूर्यसिद्धांतात चंद्राच्या कक्षेचा घेर ३,२४,००० योजनं, आर्यभटाकडे कलेला (अंशाच्या साठाव्या भागाला) १० योजनं या हिशेबानं २,१६,०००. इथंही नेमकी दीडपट तफावत. प्रत्येकाच्या चंद्रकक्षेचा घेर त्याच्याच पृथ्वीच्या व्यासानं भागा : सूर्यसिद्धांत २०२.५ व्यास, आर्यभट २०५.७ व्यास. भास्कराचार्यांची कक्षाही ३,२४,००० ची, तिला १,५८१ नं भागलं की २०४.९. तिघंही दोन टक्क्यांच्या आत एकच गोष्ट सांगतायत. वेगळं होतं ते फक्त योजन. आज मोजलेलं गुणोत्तर सुमारे १८९.५ आहे, म्हणजे चूक सात-आठ टक्क्यांची. दुर्बीण नसताना काढलेलं हे उत्तर आहे, आणि माझ्या मते ते फार मोठं काम आहे. ‘योजन म्हणजे आठ मैल’ असं सरसकट धरून तिन्ही ग्रंथांचे आकडे किलोमीटरमध्ये मांडले की हे एकमत दिसेनासं होतं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

आता ३९,९६८ चं बघू. आर्यभटाचा व्यास १,०५० योजनं, त्याच्याच ३.१४१६ नं गुणलं की परीघ ३,२९९ योजनं. ३९,९६८ ला ३,२९९ नं भागा, एका योजनाचे १२.१ किलोमीटर येतात. हा आकडा आला कुठून? आर्यभटाची व्याख्या तर स्पष्ट आहे : ८,००० पुरुष म्हणजे एक योजन, आणि पुरुष म्हणजे चार हात किंवा ९६ अंगुळं. १२.१ किलोमीटरला ८,००० नं भागलं तर पुरुष जेमतेम पाच फुटांचा होतो. साडेपाच फुटांचा घेतला तर परीघ ४४,००० च्या पुढं जातो. चार हात अक्षरशः घेतले, ४५ सेंटीमीटरचे, तर ४७,५०० होतो. म्हणजे १२.१ किलोमीटरचं योजन आर्यभटाच्या व्याख्येतून सहज निघत नाही. ते निघतं पृथ्वीच्या आजच्या परिघाला ३,२९९ नं भागून. आधी खऱ्या उत्तरावरून योजन ठरवायचं, मग त्या योजनानं गुणून ‘बघा, उत्तर खरं आलं’ म्हणायचं. या पद्धतीनं कुठलाही ग्रंथ कुठल्याही आकड्याशी तंतोतंत जुळतो, आणि म्हणूनच त्यातून काहीही सिद्ध होत नाही. आर्यभटाचा परीघ खऱ्याच्या दहा-वीस टक्क्यांत येतो, असं सांगावं. तेवढं इसवी सन ४९९ च्या सुमाराला पुरेसं थोर आहे. पाव टक्क्याच्या अचूकतेचा खोटा दागिना त्याला घालायची गरज नाही.

आकाशदर्शनाला मसाई पठारावर आलेला एखादा मुलगा हटकून विचारतो, ‘सर, मग किलोमीटरमध्ये करायचंच नाही का?’ करायचं की. फक्त रस्ता ठरलेला आहे. ग्रंथातला आकडा घ्या, त्याच ग्रंथातल्या पृथ्वीच्या व्यासानं भागा, मग १२,७४२ नं गुणा. सूर्यसिद्धांताची चंद्रकक्षा : ३,२४,००० भागिले १,६००, गुणिले १२,७४२, म्हणजे घेर सुमारे २५.८ लाख किलोमीटर. त्यावरून चंद्राचं अंतर सुमारे ४,१०,७०० किलोमीटर निघतं. खरं सरासरी अंतर ३,८४,४००. या हिशेबात योजन किती किलोमीटरचं हा प्रश्नच उरत नाही.

याच रस्त्यानं सूर्याकडे गेलं की दुसऱ्या निरोपाचं काय ते कळतं. सूर्यसिद्धांतात सूर्यकक्षेचा घेर ४३,३१,५०० योजनं आहे. वरच्याच पद्धतीनं सूर्याचं अंतर येतं सुमारे ५५ लाख किलोमीटर. खरं अंतर जवळपास १५ कोटी, म्हणजे सत्तावीस पट. योजन लांब-आखूड करून हे सावरता येणार नाही, कारण ग्रंथातला सूर्य ग्रंथातल्याच चंद्राच्या १३.३७ पट लांब आहे, आणि खरा सूर्य सुमारे ३८९ पट. भागाकारात योजन उडून जातं.

हा १३.३७ कुठून आला ते घरबसल्या काढता येतं. सूर्याचं वर्ष ३६५.२६ दिवसांचं, चंद्राची नक्षत्रचक्रातली फेरी २७.३२ दिवसांची. पहिल्याला दुसऱ्यानं भागा : १३.३७. सिद्धांतकारांनी धरलं होतं की सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजनं चालतात. ज्याची फेरी लांबणारी, त्याची कक्षा तेवढ्याच पटीनं मोठी. चंद्राच्या आकड्याला निरीक्षणाचा आधार होता. चंद्रकक्षेवर कलेला १५ योजनं, आणि पृथ्वीची त्रिज्या ८०० योजनं, म्हणजे चंद्राचं लंबन (पृथ्वीच्या केंद्रातून आणि पृष्ठभागावरून बघताना त्याच्या जागेत पडणारा कोनाचा फरक) ५३ कलांच्या वर. आज मोजलेलं सरासरी ५७ कला आहे. सूर्याचं लंबन नऊ विकलांहूनही कमी (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). नुसत्या डोळ्यांनी ते मोजणं अशक्य होतं, म्हणून तिथं गृहीतकावर चालावं लागलं, आणि गृहीतक चुकीचं निघालं. ग्रीकांचाही सूर्य असाच फार जवळ राहिला होता.

हनुमान चालिशीतल्या ‘जुग सहस्र जोजन पर भानू’ या ओळीवरून सूर्याचं अंतर काढणारा तो प्रसिद्ध गुणाकारही याच जागी मोडतो. त्यात युग १२,००० चं धरतात, त्याला हजारानं आणि मग आठ मैलांनी गुणतात, आणि १५.३६ कोटी किलोमीटर काढतात. आपल्या ज्योतिषग्रंथांत आकड्यांऐवजी शब्द वापरतात, त्या शब्दांकांत युग म्हणजे चार. आठ मैलांचं योजन का घ्यायचं, तर उत्तर जुळतं म्हणून. लीलावतीच्या हातांचं योजन घेतलं तर १७.३ कोटी येतात, भास्कराचार्यांच्या पृथ्वीवरून निघणारं घेतलं तर ९.७ कोटी. आणि १५.३६ कोटीसुद्धा जुळत नाहीत. जुलैच्या सुरुवातीला सूर्य सगळ्यात लांब असतो तेव्हाही अंतर १५.२१ कोटींच्या आसपासच असतं. ती ओळ भक्तीची आहे, आणि भक्तीला या गुणाकाराची गरज नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडे आहे असंही समजू नये. एरॅटोस्थेनिसच्या पृथ्वीचा परीघ २,५२,००० स्टेडिया. १५७.५ मीटरचा स्टेडियन घेतला तर ३९,६९० किलोमीटर, आणि अथेन्सचा १८५ मीटरचा घेतला तर ४६,६२०. युरोपातल्या कितीतरी पुस्तकांत पहिलाच आकडा छापलेला असतो, आणि तो का निवडला याबद्दल एक ओळही नसते.

आजच्या खगोलीय एककाचीही अवस्था बराच काळ आकाशातल्या योजनासारखीच होती. केप्लरच्या १६१९ च्या नियमानंतर गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट लांब आहे हे नक्की सांगता येत होतं, पण ते एक माप किती मैलांचं, हे धड माहीत नव्हतं. त्यासाठी १७६१ आणि १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणांना (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो तेव्हा) जगभर निरीक्षक धाडावे लागले, आणि नेमका आकडा १९६१ मध्ये शुक्रावर रडारचे तरंग आपटून परत आल्यावर हाती लागला. मधल्या साडेतीनशे वर्षांत कुणी केप्लरची मापं हातांनी गुणत बसलं नाही.

म्हणून यंदाच्या प्रदर्शनासाठी तक्ता करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. योजन एकटं लिहू नका. ‘चंद्रकक्षा ३,२४,००० योजनं’ लिहिलंत तर शेजारी ‘पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं’ लिहा, आणि दोन्ही कुठल्या ग्रंथातले तेही लिहा. खाली भागाकार मांडा, त्याच्या शेजारी आजचा १८९.५. किलोमीटरचा रकाना ठेवायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी ठेवा आणि त्यात ‘सुमारे’ लिहायला विसरू नका.