घरात आणखी कोणाला आहे का? सोरायसिस, सांधे आणि आनुवंशिकतेचा शोध

बोटाचा सांधा सुजला म्हणून संधिवाततज्ज्ञाकडे गेलेल्या माणसाला डॉक्टर कधी कधी आधी केस बाजूला करायला सांगतात. कानामागे बघतात, बेंबी बघतात, हाताची नखं उजेडात धरून बघतात. नखावर अंगुस्तानासारखे बारीक खळगे दिसले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "घरात कोणाला सोरायसिस आहे का? आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा?" सोरायसिस म्हणजे कातडीवर खवल्यांसारखे पापुद्रे सुटणारे चट्टे उठवणारा आजार. सांध्याच्या दुखण्यात कातडी का बघायची आणि नातेवाइकांची चौकशी कशासाठी करायची, हे कळायला वैद्यकाला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

सुरुवातीचा बराच काळ आजाराची ओळख पटवण्यातच गेला. चरकसंहितेत कुष्ठाचे 18 प्रकार सांगितले आहेत. त्यातलं 'एककुष्ठ' घाम न येणारं, मोठी जागा व्यापणारं आणि माशाच्या खवल्यांसारखं दिसणारं. आजचे बरेच वैद्य सोरायसिसशी सांगड घालतात ती याचीच. पण कुष्ठ म्हणजे महारोग असं समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं आणि अंगावर पांढरे पापुद्रे दिसले की माणसं लांब सरकू लागली. युरोपातही हाच घोळ होता. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी 1808 साली या आजाराचं नेमकं वर्णन केलं खरं, पण त्याच्या एका रूपाला 'लेप्रा' हे महारोगाची आठवण करून देणारंच नाव ठेवलं. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी 1841 मध्ये सोरायसिस महारोगापासून वेगळा काढून ही गाठ सोडवली. सोरायसिस कुणाच्या स्पर्शाने होत नाही. हे वाक्य आजही मोठ्याने सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पॅरिसमध्ये अलिबेर यांनी 1818 सालीच कातडी आणि सांधे यांचा संबंध नोंदवला होता आणि 1860 मध्ये बाझँ यांनी त्याला नावही दिलं. तरी पुढची शंभर वर्षं बहुतेक डॉक्टर असंच धरून चालले, की या माणसाला आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे आणि योगायोगाने सोरायसिसही आहे. आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात बहुधा सापडणारा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर या रुग्णांत सहसा सापडत नाही, हे कळल्यावर चित्र बदललं. इंग्लंडमध्ये लीड्सच्या व्हर्ना राइट यांनी हे रुग्ण वेगळे काढून तपासले आणि 1964 मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिसशी जोडलेला सांधेविकार, हा स्वतंत्र आजार मानला. मोल आणि राइट यांनी 1973 मध्ये रुग्णांच्या घरच्यांचीही तपासणी केली. सख्ख्या नात्यात हा सांधेविकार इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आढळला.

कातडीच्या बाबतीत हाच पुरावा फेरो बेटांवरून आधी आला होता. उत्तर अटलांटिकमधली ही छोटी बेटं. गुन्नार लोमहोल्ट यांनी तिथल्या सुमारे 11 हजार लोकांची कातडी प्रत्यक्ष तपासली आणि 1963 मध्ये निष्कर्ष छापले. सोरायसिस साधारण 2.8 टक्के लोकांना होता आणि बहुतेक रुग्णांच्या नात्यात आणखी कोणीतरी रुग्ण होतंच. मला हे काम फार मोलाचं वाटतं. प्रयोगशाळा नव्हती की जनुकचाचणी नव्हती. माणसं बघायची आणि त्यांची नाती लिहून घ्यायची, एवढंच. पुढे जुळ्यांच्या अभ्यासांत दिसलं, की एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही आजार असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, पण ते शंभर टक्के कधीच नसतं. म्हणजे जनुकांखेरीज आणखी काहीतरी लागतं. घशाचा स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संसर्ग हे त्यातलं एक कारण. खरचटल्या जागीच नवा चट्टा उठतो, हे तर कोबनर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं.

मग शोध पेशींपर्यंत पोचला. शरीरातल्या पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे नमुने एचएलए नावाच्या प्रथिनांवर मांडून संरक्षक टी पेशींना दाखवतात. या प्रथिनांचे प्रकार माणसागणिक वेगळे असतात. सोरायसिसचा त्यांच्याशी संबंध 1972 मध्ये दिसला. 1980 मध्ये बोट 'सीडब्ल्यू 6' या प्रकारावर स्थिरावलं. जर्मनीतल्या कील इथल्या हेन्सलर आणि ख्रिस्तोफर्स यांनी 1985 मध्ये दाखवलं, की चाळिशीच्या आत आजार सुरू झालेल्यांत हा प्रकार फार मोठ्या प्रमाणात असतो आणि उशिरा सुरू झालेल्यांत क्वचित. तरी खरा दोषी तोच की त्याच्या शेजारचं एखादं जनुक, हा वाद 2006 पर्यंत चालला. शेवटी सीडब्ल्यू 6 वरच शिक्कामोर्तब झालं.

सांध्यांची गोष्ट मात्र थोडी वेगळी निघाली. सीडब्ल्यू 6 असलेल्यांत चट्टे लवकर येतात, पण सांधे बिघडले तरी पुष्कळ वर्षांनी. उलट एचएलएचा बी 27 हा प्रकार असेल तर कातडी आणि सांधे यांच्यातलं अंतर कमी असतं. हा बी 27 म्हणजे पाठीचा कणा आखडणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी 1973 मध्ये जोडला गेलेला प्रकार. त्यामुळे एकाच घरात बहिणीला चट्टे, भावाची पाठ सकाळी आखडलेली आणि काकांचा डोळा वारंवार लाल होणारा, असं दिसलं तर ते तीन सुटे आजार असतीलच असं नाही.

2007 मध्ये आयएल 23 या संदेशवाहक प्रथिनाशी निगडित जनुकं सापडली. त्यातलं एक आदल्याच वर्षी आतड्याच्या क्रोन्स आजारात दिसलेलं होतं. 2009 मध्ये बाजारात आलेलं उस्टेकिनुमॅब हे औषध हाच मार्ग अडवतं. मात्र त्याच्या चाचण्या आधीपासून चालू होत्या, त्यामुळे जनुकांतून औषध निघालं असं म्हणणं बरोबर नाही. औषधाची दिशा बरोबर होती, एवढं जनुकांनी दाखवून दिलं. 2012 मध्ये कार्ड 14 हे जनुक मिळालं. काही मोजक्या घराण्यांत त्यातला एकच बिघाड आजाराला पुरतो. बाकीच्यांच्या बाबतीत 2017 पर्यंत जनुकसंचातल्या 60हून अधिक जागा सापडल्या होत्या आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर.

म्हणून लग्न ठरवताना 'घराण्यात सोरायसिस आहे' असं ऐकून मागे फिरणाऱ्यांना आकडे सांगावेत. 1982 च्या एका जर्मन पाहणीत पालकांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता 14 टक्के निघाली, दोघांना असेल तर 41 टक्के. सीडब्ल्यू 6 बाळगणाऱ्या बहुतेकांना तर सोरायसिस कधीच होत नाही.

2006 मध्ये सोरायटिक आर्थ्रायटिस ओळखण्यासाठी कॅस्पर नावाचे निकष ठरले. स्वतःच्या अंगावर एकही चट्टा नसला तरी जवळच्या नात्यातल्या सोरायसिसला त्यात एक गुण मिळतो. अडचण उत्तराची आहे. बरेच रुग्ण पटकन "नाही" म्हणतात, कारण आजीच्या डोक्यातल्या कधीच न गेलेल्या कोंड्याला आणि मामांच्या कोपरावरच्या खरबरीत डागांना घरात सोरायसिस असं कोणी म्हटलेलंच नसतं.